ओल्या कागदातली काडी

ट्रक भरलेला गेला आणि भरलेलाच परत आला. तो फाटकातून आत यायच्या आधीच मला कळलं होतं. आमच्या चढावर रिकामा ट्रक खोकत नाही.

मी अंगणात मुळे चिरत होते. चांगहो, माझा मुलगा, खाली उतरला आणि गाडीचं दार तसंच उघडं टाकून दगडी गडग्यावर जाऊन बसला. मी विचारलं, "काय रे, सोसायटीला सुट्टी?" त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग म्हणाला, "तांबडी घेत नाहीत."

सोसायटीच्या शेडमध्ये प्रतवारीच्या पट्ट्यावर त्याने क्रेट ओतायला सुरुवात केली होती. तेवढ्यात तेसिक धावत आला आणि पट्टा बंद केला. तेसिक म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाचा मुलगा. सोसायटीचा अध्यक्ष झाल्यापासून तो चालत नाही, धावतोच. वरून निरोप आला आहे, तांबडी उतरवायची नाही, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. पट्ट्यावर गेलेलं फळ चांगहोने हाताने वेचून परत क्रेटमध्ये भरलं. बाकीचे आपापली गाडी धरून उभे होते, मदतीला कोणी आलं नाही. मला त्या वेचण्याचाच जास्त राग आला. माझा मुलगा कोंबडीसारखा वाकून दाणे टिपतोय आणि गाव बघतंय.

तांबडी म्हणजे आमचं लाल सालीचं संत्रं. तिचं खरं नाव जपानी, माझ्या तोंडात बसत नाही. जेजू बेटाच्या आमच्या बाजूला ती पहिल्यांदा मी आणली, दुसऱ्या कुणी नाही, आणि हे मी अजूनही सांगते. शहराच्या वाटेवर एक रोपवाला होता, त्याच्याकडून आणली. तो आता नाही, त्याच्या जागेवर कॉफीचं दुकान आहे. नवरा गेला त्या वर्षी मी पिवळ्या संत्र्याची जुनी झाडं कापली आणि तांबडीची रोपं लावली. वर प्लास्टिकचं छप्पर घातलं. जेजूचं वारं म्हणजे सासू, कशावरही हात टाकतं. हे पीक येतंय म्हणून चांगहो बुसानच्या बोटीवरचं काम सोडून घरी आला होता. यंदाचा हा पहिला भरपूर बहर. तो विकला तर मुलगा जमिनीवर राहणार, नाही तर परत पाण्यावर जाणार. घरात हे कोणी बोलत नव्हतं, पण जोंगनान, माझी सून, रोज सकाळी आधी झाडांकडे बघायची आणि मग नवऱ्याकडे.

आमच्या घराची चूल वेगळी. एकाच अंगणात दोन घरं, आतल्यात ती दोघं, बाहेरच्यात मी. माझं मी शिजवते, माझं मी खाते, कुणाच्या ताटाकडे बघत नाही. त्या संध्याकाळी मात्र आतल्या घरातून जेवणाचा वास आलाच नाही.

तेसिक नंतर आला. काकू, काकू करत बसला, मी दिलेला भाजक्या जवाचा चहा प्याला. तांबडी ज्यांनी जपानात तयार केली त्यांनी आपल्या देशात हक्क मागितला आहे, म्हणाला. अजून मिळालेला नाही, नुसता मागितला आहे. पण मागितल्या दिवसापासून राखण लागू. निकाल लागेपर्यंत जो विकेल त्याला कोर्टात ओढता येतं, आणि सोसायटीलाही.

"म्हणजे मुलगी बघायला आले आणि तेवढ्यातच सून झाली," मी म्हटलं.

"तसंच धरा, काकू."

"आणि ती इतकी वर्षं माझ्या दारात खातेय-पितेय, त्याचं काय?"

तेसिकने चहा संपवला.

काढलेलं फळ आमच्या शेडमध्ये ठेवलं. बाकीचं झाडावरच राहिलं, कारण काढून करायचं काय. झाडावर फुगलेलं संत्रं पाहिलं आहे कधी? साल सैल होते, आतला गर आक्रसतो. हात लावला की म्हातारीच्या दंडासारखं हलतं. बुलबुलांना प्लास्टिकमधली फट सापडली. चांगहो टोपलं वाजवत फिरायचा आणि जोंगनान फट शिवायची. 

मग गावाच्या सभागृहात बैठक झाली. बियाण्यांच्या कचेरीतून एक तरुण साहेब आला होता, मुख्य भूमीवरचा. बूट दारात काढताना त्याच्या मोज्याला भोक दिसलं, म्हणून मला तो जरा बरा वाटला. खालून तापवलेल्या जमिनीवर आम्ही सगळे बसलो. माझी धाकटी बहीण माल्जा माझ्या शेजारी. आमच्या नावांची गोष्ट गावाला तोंडपाठ आहे. मुली नकोत म्हणून बापाने माझं नाव शेवटची या अर्थाने माल्सुन ठेवलं. त्यानंतर ही आली, मग तिचंही शेवटचीच ठेवलं, माल्जा. देवाने पहिल्या वेळी ऐकलं नाही. तेव्हापासून शेवटचं कोण यावर आमचं भांडण आहे.

साहेबाने कायद्याचं कलम वाचून दाखवलं. कलम मला ठाऊक आहे, ते मी बांधते. पण हे कलम वेगळं होतं. त्यातून मला कळलं ते असं: ज्यांनी रोपवाल्याकडून रोपं विकत आणली, त्यांचं फळ कदाचित सुटेल. ज्यांनी दुसऱ्याच्या झाडाची काडी आणून आपल्या खुंटावर बांधली, त्यांनी वाण वाढवला, म्हणजे गुन्हा. आणि ज्यांनी काडी दिली, तेही त्यातच. फुकट दिली तरी.

"फुकट दिली तरी?" मागून कोणीतरी विचारलं.

"फुकट दिली तरी," साहेब म्हणाला. हे वाक्य त्याने बऱ्याच गावांत म्हटलं असणार, आवाज झिजलेला होता.

मी विचारलं, "खुंट कुणाचा, साहेब? खाली काटेरी रानसंत्रं असतं, ते आम्ही इथे बीपासून वाढवतो. काटे आमच्या हातात मोडतात. वरचं डोकं त्यांचं असेल, पण पाय आमचे आहेत."

लोक हसले. साहेबही हसला, पण फक्त तोंडाने. म्हणाला, "आजी, हक्क डोक्यावर असतो."

मग त्याने एकेकाला विचारायला घेतलं. माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, तुम्ही विकत आणली, पावती आहे, तुमचं सोपं आहे. फक्त एवढंच सांगा, काडी कुणाला दिली नाही ना?

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या बेटावर जो संत्री विकत घेतो त्याला जगात कोणी नाही असं समजतात. हिवाळ्यात प्रत्येकाच्या दारात कुणीतरी टोपली ठेवून गेलेलं असतं. आणि फळापेक्षा मोठं देणं काडीचं. सावडीला माणसं येतात, आज माझ्या मळ्यात, उद्या तुझ्या. त्यांना मजुरी द्यायची नसते. जाताना छाटलेल्या फांद्यांतल्या चांगल्या काड्या निवडायच्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, हातात ठेवायच्या. मी सगळ्यांना दिल्या. सगळ्यात आधी माल्जाला. त्या खोलीत डावीकडे बघा, उजवीकडे बघा, माझ्या काडीवाचून कोणी नव्हतं.

सगळे जमिनीकडे बघत होते. माल्जाने माझ्या मांडीला हळूच चिमटा काढला. नाही म्हण, असा त्याचा अर्थ. लहानपणी चोरून बटाटे भाजले तेव्हाही असाच काढला होता.

नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हणायचं म्हणजे कसली बाई ठरते मी? एवढ्या वर्षांत हात न उघडलेली. कुणाला काही न दिलेली.

"दिल्या," मी म्हटलं. "ज्याने हात पुढे केला त्याला दिल्या. नावं मला आठवत नाहीत, म्हातारी आहे."

साहेबाने डोळे चोळले. "आजी, तुम्ही असं म्हणालात तर मला ते लिहावं लागेल."

"लिही की. अक्षर चांगलं काढ."

मी आणि चांगहो घरी आलो. अंगणात जोंगनान उभी होती. तिला आधीच कुणीतरी फोन केला असणार. ती कधी आवाज चढवत नाही, तिच्या माहेरची तशी पद्धत आहे. शांतपणे म्हणाली, "आई, तुमचं नाव राहिलं. आमचं पीक गेलं."

मी माझ्या घरात गेले आणि दार लावलं. उत्तर नव्हतं असं नाही. पण तिचं बोलणं खरं होतं, आणि खऱ्यावर ओरडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी माल्जा आली. आत बसली नाही, ओट्यावर उभी राहूनच बोलली. "आक्का, मोठं मन दाखवलंस. नाव घेतलं नाहीस म्हणे. अगं, तुझी काडी कुणाच्या झाडावर आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तू दिली म्हणालीस म्हणजे आम्ही घेतली म्हणालीस."

"मग काय खोटं बोलायचं होतं?"

"तू जन्मभर माझ्या रांधण्याला खोटं चांगलं म्हणत आलीस. एकदा आणखी बोलली असतीस तर काय दात पडणार होते?" जाता जाता फाटकातून म्हणाली, "काडी दिलीस आणि काडी लावलीसही."

शेडमधलं फळ मऊ पडायला लागलं. मी ठरवलं, विकता येत नाही तर देऊन टाकू. देण्याला मला कोण अडवणार? हातगाडीवर टोपल्या लावल्या आणि निघाले. गारांचा मारा होता, गुडघ्यात वारं शिरत होतं. पहिल्या घरी म्हणाले फ्रिज भरलेला आहे. दुसऱ्या घरी आत टीव्ही चालू होता, पण दार उघडलं नाही. तिसऱ्या घरची म्हातारी माझ्या लग्नाच्या आधीपासूनची ओळखीची. तिने टोपलीला हात लावला आणि तव्याला लागावा तसा मागे घेतला. म्हणाली, "घेणाऱ्यालाही विचारतात म्हणे, कुठून आणलं." जिथे आम्ही सगळ्या केस कुरळे करून घेतो त्या दुकानात मी एक टोपली न विचारता ठेवून आले. सकाळी ती माझ्या फाटकाशी होती. वरचं एक संत्रंही हललं नव्हतं. निदान एखादं खाऊन साल टाकली असती तरी चाललं असतं.

मी आजवर खूप अपमान केले आहेत, काही गिळलेही आहेत. पण माझ्या हातातलं कोणी घेत नाही, हा नवीन होता. हा कसा गिळायचा तेच मला ठाऊक नव्हतं. फळ डुकरांना गेलं. डुकरांनी काही विचारलं नाही.

थंडी सरता सरता देवांच्या बदल्या होतात. घरातले, चुलीचे, अंगणाचे, झाडांचे सगळे देव हिशेब द्यायला वर जातात, नवे खाली येतात. जुने गेलेत आणि नवे आले नाहीत असे थोडे दिवस असतात. त्यात कुणी बघायला नसतं. घर बदलायचं, संडास पाडायचा, जिवंत झाडावर करवत चालवायची, सगळं तेव्हाच. एरवी झाड तोडलं तर घरातलं माणूस आजारी पडतं. तरुण हसतात, पण घर ते त्याच दिवसांत बदलतात, हे मी बघते.

कचेरीचा निकाल नववर्षाच्या सणानंतर येणार होता. देव त्याच्या आधी परत येणार होते.

मी चांगहोला म्हटलं, करवत काढ.

तो म्हणाला थांबू. निकाल आपल्या बाजूने लागला तर?

"आणि नाही लागला तर? नवे देव आल्यावर वर्षभर हात लावता येणार नाही. झाड उभं राहणार, खत खाणार, पाणी पिणार, आणि दुसऱ्याच्या नावाचं फळ देणार. आत्ता कापलं तर वसंतात दुसरं कलम बांधता येईल."

"आई, देवांचं आजकाल कोण बघतं?"

"तूच ना बोटीवर चढण्याआधी समुद्राला दारू ओतायचास?"

 जमीन माझ्या नावावर आहे हे मी बोलून दाखवलं नाही. तो मात्र तेवढं ऐकू आल्यासारखा उठला.

सावडीला कोणी आलं नाही. माल्जाला निरोप पाठवला, तर तिचं उत्तर आलं की गुडघे दुखतात, आणि आक्का कापतेय म्हणून मी कापणार नाही, सगळं आयुष्य तिच्या मागून चालण्यात गेलं. आम्ही तिघांनीच कापलं. चांगहो यंत्राची करवत चालवायचा, मी हाताची. जोंगनान फांद्या ओढून बाहेर टाकायची. फांद्यांबरोबर फळंही जात होती. चिखलात तुडवली जाऊन त्यांचा गोड वास सुटला होता. लाकडाचा भुसा माझ्या घामावर चिकटला. खांद्यातून कळ निघाली की मी करवत बदलायचं निमित्त करायचे.

पहिल्या झाडाशी चांगहो थांबला. "एक फांदी राखू. रस ओढायला हवी." हे बरोबर होतं. डोकं कापताना झाडाला एक फांदी ठेवतात, नाही तर मूळ गुदमरतं.

"तीही त्यांचीच फांदी आहे," मी म्हटलं. "नको."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग ती कापली, आणि पुढच्या प्रत्येक झाडावरची कापली. शेवटी प्लास्टिकच्या छपराखाली नुसते बुंधे राहिले. बाहेर हाल्ला पर्वतावर बर्फ दिसत होतं. इतकी वर्षं पानांमुळे ते आतून दिसत नव्हतं. जोंगनान कमरेवर हात ठेवून तिकडे बघत राहिली. "छान दिसतंय," म्हणाली. मला वाटलं टोमणा आहे. तोंड बघितलं तर डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्या रात्री चांगहोने बोटीच्या कंपनीला फोन केला. आतल्या घराच्या भिंती पातळ आहेत.

देव परत आले. सण आला. पूर्वजांच्या पूजेला ताटात तांबडी नव्हती. मी सफरचंदं ठेवली. नवऱ्याला सफरचंद आवडायचं नाही.

सण झाल्यावर एका सकाळी गावाच्या भोंग्यावर तेसिकचा आवाज आला. तो घसा साफ करतो तोही भोंग्यावरच. निकाल आला आहे, म्हणाला. उभ्या झाडांवरचं तांबडीचं फळ सोसायटी घेईल, विकत आणलेलं झाड असो की बांधलेलं. मात्र यापुढे नवी काडी नाही, नवं झाड नाही, कुणी दिली वा घेतली तर कारवाई. पुन्हा सांगतो, उभ्या झाडांवरचं.

त्याने ते पुन्हा सांगितलं. नंतर आणखी एकदा.

मी तांदूळ धूत होते. पाणी ओतून दिलं आणि पुन्हा धुतले. अंगणापलीकडे चांगहो दारात उभा होता. तो माझ्याकडे आला असता, ओरडला असता, तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तो प्लास्टिकच्या छपराकडे गेला आणि बराच वेळ आत राहिला.

मी चुकले असं मी म्हणणार नाही. देवांची तारीख ठरलेली असते, साहेबांची नसते. ज्याची तारीख ठाऊक आहे त्याच्याप्रमाणे माणूस चालतो.

पुढचे दिवस माल्जाचा ट्रक आमच्या दारावरून भरलेला जायचा आणि रिकामा यायचा. जाताना खोकायचा, येताना खिदळायचा. मी तोंड फिरवून मुळे चिरायचे.

मग एक दिवस ती फाटकातून आत आली. गुडघे दुखत नव्हते बहुतेक, टोपली काठोकाठ भरलेली होती. ओट्यावर ठेवली आणि या वेळी बसलीही.

"घे. नाही तर दुकानातून विकत आणायची वेळ येईल तुझ्यावर. बापाचं नाव जाईल."

"बापाने नाव ठेवलं ते कुठे धड होतं," मी म्हटलं.

ती हसली. मी एक संत्रं उचललं. देठ दोनदा कापलेला, अगदी सालीलगत, म्हणजे शेजारच्या फळाला टोचत नाही. तिला तसं कापायला मीच शिकवलं, पण ते बोलले नाही. सोललं, खाल्लं. गोड होतं. माझ्याइतकं नाही.

टोपली आत न्यायला उचलली, तर जड लागली, फळाच्या मानाने जास्त. तळाकडून पाणी ठिबकत होतं.

"खाली काय आहे?"

"कागद," माल्जा म्हणाली.

"कसला कागद?"

"वर्तमानपत्र. ओलं आहे, जपून." ती उठली, परकराची धूळ झटकली. "तू एक फांदीही राखली नाहीस असं तुझी सून सांगत होती. म्हटलं, आक्काच ती. मूळ गुदमरलं तरी मान वाकवायची नाही."

"माल्जा, भोंग्यावर काय सांगितलंय ते ऐकलंस ना?"

"मी म्हातारी आहे," ती म्हणाली. "मला नावं आठवत नाहीत."

ती फाटकाबाहेर गेल्यावर मी टोपली स्वयंपाकघरात रिकामी केली. काड्या पेन्सिलीएवढ्या जाड, कोंबांचे डोळे भरलेले, टोकांना मेण लावलेलं. गुंडाळताना मी जशी घडी घालते तशीच घडी. मी त्या आंबवलेल्या किमचीच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, मुळ्याच्या किमचीच्या डब्यामागे, अगदी तळाशी. बांधायला वसंत यायला हवा, तोवर झोपून राहायला हव्यात. पोलीस आले तर किमची काढून बघणार नाहीत, इतका वास आहे तिला.

चांगहोची बॅग आतल्या घराच्या दारात भरून ठेवलेली होती. बोटीवर जायचा दिवस जवळ आला होता. दुपारी तो माझ्याकडे आला. आतल्या घरातली किमची संपली, म्हणाला, जोंगनानने मागितली आहे. सून माझ्या किमचीला कधी नावं ठेवत नाही, पण मागतही नाही.

"घे तिथून," मी म्हटलं आणि चुलीकडे पाठ आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले.

त्याने फ्रिज उघडला. डबा काढला. मग हलला नाही. गार वाफ त्याच्या पायांवर सांडत होती. ओल्या वर्तमानपत्राचं टोक त्याने बोटाने उचललं आणि आत बघितलं. त्याच्या जबड्याची शीर उडत होती, बापाची उडायची तशी. कायद्याचं बोलेल असं मला वाटलं. साहेबाचं, भोंग्याचं, एका फांदीचं.

"मागच्या भिंतीला चिकटून ठेवल्यास," तो म्हणाला. "तिथे गोठतात. डोळे जळून जातील."

त्याने काड्यांची गुंडाळी पुढे घेतली, किमचीचा दुसरा डबा मागे सारला आणि दार नीट दाबून लावलं.